अथेन्समधल्या त्या ६.८३ बद्दल

वर कोणीतरी लिहिलंय की लांब उडीतली अंजू बॉबी जॉर्ज २००३ ला पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत ब्राँझपर्यंत पोचली आणि पुढच्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकला 'ढेपाळली'. हे नाही पटलं. पॅरिसची उडी ६.७० मीटर, अथेन्सची ६.८३. ढेपाळली कुठे? तेव्हा सहावी होती, अमेरिकेच्या मॅरियन जोन्सचा निकाल डोपिंगमुळे रद्द झाल्यावर पाचवी ठरली. एकाच किडनीवर खेळत होते, हे तर तिने २०२० मध्ये सांगितलं!

नागपुरात शालेय स्पर्धांना मी वाळूच्या खड्ड्यापाशी टेप धरून बसायचो. वाळू आधी ओली करून फावड्याने सैल करावी लागे. ते राहिलं तर पोरी कडक जमिनीवरच आदळायच्या. एक मुलगी मस्त उडाली, पण तोल जाऊन मागे हात टेकला. माप उडी घ्यायच्या फळीला सर्वात जवळच्या खुणेपासून, म्हणजे हाताच्या पंजापासून. वीतभर गेलं, बिचारी रडकुंडीला आली. आपल्या लांब उडीवाल्या शैली सिंगचं २०२१ मधलं ज्युनियर जागतिक सुवर्ण तर एका सेंटीमीटरने हुकलं, ६.५९ विरुद्ध ६.६०. ती अंजू आणि तिचा नवरा व प्रशिक्षक बॉबी यांच्याच हाताखाली तयार झालेली.