मोठ्या जगाचे गेम: संपवण्यासाठी की सावकाश चालण्यासाठी?

(सोलापूरकर खेळाडूंची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याच्या भागाचे नाव आहे.)

होटगी रोड

माझ्या आतेभावाने गेल्या महिन्यात ‘द विचर ३’ हा मोठ्या जगाचा, म्हणजे विस्तीर्ण प्रदेशात हवे तिथे फिरू देणारा, व्हिडिओ गेम अकरा दिवसांत संपवला आणि मला विचारले, की तू दोन वर्षे ‘स्कायरिम’ या तशाच गेममध्ये नेमके करतोस तरी काय. त्या वेळी मला धड उत्तर देता आले नाही. ते येथे मांडतो. ज्यांना पटणार नाही त्यांनी मोकळेपणाने विरोध करावा.

मी अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब पाहतो. रात्रीची जेवणे आटोपल्यावर मला तासभर मिळतो. स्कायरिममधला एक दिवस आपल्या घड्याळाच्या ७२ मिनिटांत उलटतो, म्हणजे तिथे सकाळी सहाला निघून रात्री नऊला मुक्कामी पोचलो तर इथे पाऊण तास झालेला असतो. हे गणित लक्षात आल्यापासून माझी बैठक मी त्यावरच बेतली आहे: उजाडताच निघायचे, दिवसभर चालायचे, अंधारून आले की सराईत दहा नाणी देऊन खोली घ्यायची आणि माझे पात्र झोपले की मीही टीव्ही बंद करायचा. फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे नकाशावर ठिकाण निवडून क्षणात तिथे पोचण्याची सोय, मी वापरत नाही.

स्कायरिममधल्या रिव्हरवुड गावापासून व्हाइटरन शहरापर्यंतचा हा अगदी सुरुवातीचा रस्ता घ्या. नकाशावर तो बोटभर आहे. चालत गेलात तर नदी तुमच्या सोबतीने उतरत जाते, खळाळात प्रवाहाविरुद्ध उड्या मारणारे मासे दिसतात आणि कडेला निळी फुले असतात, जी मी कित्येक दिवस नुसतीच पाहत होतो. एकदा त्यातले एक तोडून चाखले, तेव्हा ते प्रकृती सुधारणारे आहे हे कळले. पुढे शहराबाहेरच्या शेतातला गहू चाखला, त्याचाही तोच गुण निघाला. शहरातल्या औषधविक्रेतीच्या मेजावर दोन्ही एकत्र करून जे औषध तयार झाले, ते मी आजही जवळ बाळगतो. हे मला कोणी शिकवले नव्हते, आणि नकाशावर बोट ठेवून उडी मारली असती तर ते फूल मी पाहिलेही नसते.

कोजागरीला आपल्या सोलापुरातून हजारो माणसे तुळजापूरला चालत जातात. अंतर सुमारे ४५ किलोमीटर आहे आणि एसटी तिथे लवकर पोचवते, हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही ते चालतात, कारण वाट हाही त्या जाण्याचाच भाग आहे. मोठ्या जगाचा गेम त्याच वृत्तीने खेळावा, असे माझे मत आहे.

जुळे सोलापूर

दादा, आपण मनापासून लिहिले आहे, पण आपल्या उदाहरणातच आपल्या मताला विरोध आहे. तुळजापूरला चालत जाणाऱ्याला आईचे दर्शन घ्यायचे असते. रस्ता त्याला प्रिय आहे तो त्या दर्शनामुळे. दर्शन वगळले तर ते चालणे नव्हे, भटकणे झाले. दोन वर्षांत आपण मुख्य कथा कुठवर नेली, हे आपण लिहिलेले नाही.

आपल्या आतेभावाने जो गेम खेळला त्याचीच गोष्ट पाहू. २०१५ सालच्या ‘द विचर ३’मध्ये नायक गेराल्ट सिरी नावाच्या तरुणीच्या शोधात आहे. ती त्याला पोटच्या मुलीसारखी आहे आणि वाइल्ड हंट नावाचे भुतासारख्या स्वारांचे पथक तिच्या मागावर आहे. अशा वेळी खेळणारा गावोगावच्या सरायांत ग्वेंटचे पत्ते कुटत बसतो आणि त्याला निवांतपणा म्हणतो, हे मला कथेशी बेइमानी केल्यासारखे वाटते. गड्ड्याच्या जत्रेत लेकरू हरवले असेल तर बाप आकाशपाळण्यात बसेल काय? लेखकांनी जीव ओतून निर्माण केलेली तळमळ आपण आपल्या रेंगाळण्याने फुकट घालवतो. मी तो गेम सलग खेळलो, आणि सिरी सापडली तेव्हा कंट्रोलर बाजूला ठेवून दोन मिनिटे स्वस्थ बसून राहिलो. चार महिने मध्ये घालवून त्या क्षणापर्यंत पोचलो असतो तर तो इतका आत उतरला असता, असे मला वाटत नाही.

अशोक चौक

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. मी परिचारिका आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात मला खेळायला चाळीस मिनिटेही मिळत नाहीत, आणि ज्यांना मिळतात त्यांनी फास्ट ट्रॅव्हलला कमी लेखू नये, अशी माझी विनंती आहे. ती सोय म्हणजे माझ्यासारखीलाही गोष्ट पुरी करता यावी म्हणून दाखवलेला समजूतदारपणा आहे.

दुसरे असे, की मोठे जग म्हणजे भरलेले जग नव्हे. विचरमधल्या स्केलिगे बेटांभोवतीचा समुद्र आठवा. नकाशावर प्रश्नचिन्हांची रांगच लागलेली असते. मी सुरुवातीला प्रत्येक चिन्हाकडे होडी वळवत असे: पाण्यावर तरंगणारी पिंपे दिसायची, वरून सायरन नावाच्या उडत्या राक्षसिणी झडप घालायच्या, त्यांना मारून बुडी घ्यायची आणि तळाशी तस्करांची पेटी सापडायची. पुढच्या चिन्हावर पुन्हा तीच पिंपे, त्याच सायरन, तशीच पेटी. माझ्या सुटीच्या दोन दुपारी त्यात गेल्या आणि त्यांतले एकही ठिकाण मला आज वेगळे आठवत नाही. संथ खेळण्याचे सरसकट कौतुक झाले, तर गेम बनवणाऱ्यांनी अशी पुनरुक्ती का थांबवावी? आमचा वेळ मोलाचा आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

विजापूर वेस

ताईंचे स्केलिगेविषयीचे म्हणणे मला मान्य आहे, तरीही मी होटगी रोडकरांच्या बाजूने आहे. चाल मंद असावी की जलद, हे खेळणाऱ्याच्या स्वभावावर जितके अवलंबून असते, तितकेच ते जग कसे बांधले आहे यावरही अवलंबून असते, आणि हा मुद्दा आतापर्यंत कोणी मांडलेला नाही.

स्कायरिमच्याच मालिकेतला २००२ चा ‘मॉरोविंड’ मी कॉलेजात असताना खेळलो. कुठे जायचे हे दाखवणारा बाण त्यात नव्हता. माणसे तोंडी वाट सांगत: अमुक रस्त्याने उत्तरेला जा, पूल ओलांडा, टेकडीपाशी वळा. मी शेजारी दोनशे पानी वही ठेवून ते सारे उतरवून घेत असे. नकाशावर कुठेही बोट ठेवून उडी मारता येत नव्हती, पण पायी फिरण्याची सक्तीही नव्हती. सिल्ट स्ट्रायडर नावाचा अजस्र कीटक ठरावीक गावांदरम्यान भाडे घेऊन न्यायचा, काही गावांना नावा होत्या आणि जादूगारांच्या संघाची आपली वेगळी व्यवस्था होती. कोणत्या गावाहून कोणत्या गावाला काय मिळते हे लक्षात ठेवावे लागे, जसे आपल्याला कोणती एसटी मोहोळवरून जाते आणि कोणती बार्शीवरून, हे ठाऊक असते. त्यामुळे तो प्रदेश माझ्या ओळखीचा झाला. पुढे २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’ने दिशा दाखवणारी खूण दिली आणि मोठ्या शहरांना तर सुरुवातीपासूनच क्षणात पोचण्याची मुभा दिली, तेव्हापासून माझे डोळे रस्त्यावरून निघाले आणि त्या खुणेला चिकटले.

जुळे सोलापूरकरांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. मॉरोविंडच्या मुख्य कथेत बाल्मोरा गावातल्या कायस कोसेडिस नावाच्या वरिष्ठाला भेटायचे असते. तो भेटताच नवख्या खेळाडूला सांगतो, की आधी बाहेर जा, एखाद्या संघात दाखल हो, अनुभव घे आणि मग माझ्याकडे काम मागायला ये. इथे लेखकाने स्वतःच कथेत सवड ठेवलेली आहे. या गेममध्ये रेंगाळणारा कथेशी बेइमानी करत नाही, तो वरिष्ठाचा हुकूम पाळत असतो.

जुळे सोलापूर

कायस कोसेडिसचे उदाहरण चोख आहे आणि ते मला माहीत नव्हते. मात्र ज्या कथांत अशी सवड ठेवलेली नाही, त्यांच्याबाबत माझे म्हणणे कायम आहे. स्कायरिममध्ये आल्डुइन नावाचा ड्रॅगन जग गिळायला निघालेला आहे आणि आपण गहू चाखत आहोत.

शिवाय रेंगाळण्याची किंमत गेमच्या हिशेबातही मोजावी लागते. विचरमध्ये आपली पातळी एखाद्या कामगिरीच्या फार पुढे गेली, की ती यादीत करड्या रंगात दिसू लागते आणि तिच्यातून अनुभवाचे गुण नाममात्र मिळतात. ऑब्लिव्हियनमध्ये तर तुमच्याबरोबर शत्रूही वाढतात, त्यामुळे पुढे पुढे वाटेवरचे साधे लुटारू काचेची महागडी चिलखते घालून नाणी मागायला उभे राहतात. २०२२ च्या ‘एल्डन रिंग’मध्ये आडवाटेने फिरणे मला पटते, कारण आरंभीच सोनेरी चिलखतातला घोडेस्वार असा झोडपतो, की बळ कमावून परत येण्यावाचून गत्यंतर नसते. ते फिरणे सहेतुक आहे. हेतू असला की माझी तक्रार उरत नाही.

होटगी रोड

अशोक चौकातल्या ताईंची मी आधी क्षमा मागतो. फास्ट ट्रॅव्हल वापरणाऱ्यांना कमी लेखण्याचा माझा उद्देश नव्हता, पण माझ्या लिहिण्यातून तसा सूर निघाला असेल तर ती चूक माझीच आहे. स्केलिगेच्या पेट्यांचे समर्थन मीही करणार नाही. पण ताई, त्या दोन दुपारी वाया गेल्या त्या सावकाशीमुळे नव्हे, असे मला वाटते. नकाशावरचे एकेक चिन्ह पुसून टाकण्याची ओढ हीसुद्धा एक प्रकारची घाईच आहे.

आता आल्डुइनविषयी. आपण कितीही रेंगाळलो तरी तो आपली वाट पाहतो, हे खरे आहे, आणि कथेच्या दृष्टीने ते उणे आहे, हेही मी मान्य करतो. मात्र रेंगाळणाऱ्याकडे त्या गेमच्या कर्त्यांनी काणाडोळा केलेला नाही. मुख्य कथेसाठीच हाय ह्रोथगार या मठावर जावे लागते. इव्हारस्टेड गावापासून वर जाणाऱ्या त्या वाटेला सात हजार पायऱ्या म्हणतात, आणि वाटेत दहा कोरीव शिळा आहेत. कथा पुढे नेणाऱ्याला त्या वाचण्याची काहीच गरज नाही. दहाही वाचल्या, तर पुढचा एक दिवस कोणताही प्राणी तुमच्यावर धावून येत नाही आणि तुम्हाला पाहून पळतही नाही. हे बक्षीस फक्त थांबून वाचणाऱ्यासाठीच ठेवलेले आहे.

मुख्य कथा कुठवर नेली, असे आपण विचारले होते. मी परवा रात्री त्या मठापाशी पोचलो. एका शिळेआधी ट्रोल नावाच्या बर्फातल्या राक्षसाने मला दोनदा मारले. तिसऱ्यांदा निळ्या फुलांचे औषध कामी आले. दहावी शिळा वाचून झाली तेव्हा इथे साडेदहा वाजले होते, पण त्या दिवशी मी नेम मोडला आणि दार न ठोठावता तसाच खाली उतरलो. पायथ्याशी, झाडी सुरू होते तिथे, रस्त्यात एक हरिण उभे होते. एरवी ते मला पाहताच पळत सुटते. मी अगदी जवळ गेलो, तरी ते हलले नाही.