मदत हवी आहे: दुर्गाप्रसाद विरुद्ध बलदेव (1880), वादीची बाजू कशी मांडू?

नमस्कार मंडळी,

कॉलेजच्या मूटसाठी (सरावाच्या नकली खटल्यासाठी) अलाहाबाद हायकोर्टाचा हा जुना निकाल आलाय आणि माझ्या वाट्याला नेमका हरलेला पक्ष आला आहे. करार कायद्यातलं कुणी जाणकार असेल तर मार्ग दाखवा.

प्रकरण थोडक्यात असं: कलेक्टरच्या हुकमावरून दुर्गाप्रसादने पदरचे पैसे घालून बाजार उभारला. तिथल्या दुकानदारांनी 'आमच्यामार्फत विकल्या जाणाऱ्या मालावर तुम्हाला कमिशन देऊ' असं कबूल केलं, पण दिलं नाही. दावा फेटाळला गेला. 1872च्या करार कायद्यातल्या कलम 2(डी)प्रमाणे प्रतिफल, म्हणजे वचनाच्या बदल्यातला मोबदला, वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून घडलेलं हवं. इथे खर्च झाला तो कलेक्टरच्या सांगण्यावरून, दुकानदारांच्या नव्हे. आपल्याकडे प्रतिफल तिऱ्हाइताकडून आलेलं चालतं, इच्छा मात्र तिऱ्हाइताची चालत नाही. तर्क बिनतोड आहे, पण मला तो पटत नाही. कंपनी जाऊन राणीचं राज्य आलेल्या त्या काळात कलेक्टरला नाही म्हणायची कुणाची छाती होती? आणि आयता बाजार मिळाला तो दुकानदारांनाच.

मला सुचलेला पहिला रस्ता कलम 25(2): आधीच स्वेच्छेने केलेल्या कामाच्या भरपाईचं वचन. पण हुकमावरून केलेलं काम स्वेच्छेचं कसं म्हणायचं? शिवाय ते दुकानदारांसाठी केलं होतं हेही दाखवावं लागेल. दुसरा रस्ता कलम 70. तिथे इच्छेची अट नाही; काम कायदेशीरपणे, समोरच्यासाठी आणि फुकट करायचा इरादा नसताना केलेलं हवं आणि त्याने त्याचा फायदा उपभोगलेला हवा. मात्र मग वाजवी भरपाई मागता येईल, ठरलेलं कमिशन नाही.

केदारनाथ विरुद्ध गोरी महोमद (1886) वापरण्याचाही मोह होतोय. हावडा टाउन हॉलसाठी 100 रुपये वर्गणी कबूल करून नंतर नाकारणाऱ्याला कलकत्ता हायकोर्टाने बांधील धरलं, कारण त्या वर्गण्यांच्या भरवशावर कंत्राटदाराशी करार झाला होता. पण तिथे शब्द आधी, खर्च नंतर. आमच्याकडे बरोबर उलटं. परीक्षक पहिल्याच मिनिटाला हे दाखवतील.

तर प्रश्न असा: दुकानं वापरू देणं हेच स्वतंत्र प्रतिफल होतं, असं मांडता येईल का? की मुख्य मागणी 25(2)खाली आणि पर्यायी मागणी कलम 70खाली, एवढ्यावरच थांबू?

शक्यतो मूळ निकालपत्र वाचलेल्यांनी सांगा. गाइडमधली चार ओळींची गोष्ट मला पाठ आहे.