गावातला दगडी वाडा नेमका कुणाचा, कसं शोधायचं?

वेदगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. आमचं गाव निपाणी तालुक्यात, नदीकाठाला. गावाच्या मधोमध काळ्या दगडाचा वाडा आहे, देसायांचा वाडा म्हणतात खरं देसायांपैकी कुणी माझ्या आठवणीत तिथं राहिलेलं नाही. आज्जी सांगायची तिथं कचेरी भरायची, बाबा पहिली-दुसरी तिथंच शिकले, आणि मला आठवतोय तो तंबाखूचा वास. आता दिवाळीनंतर पुढचे दोन्ही सोपे, म्हणजे ओसऱ्या, पाडून गाळे काढायचं चाललंय. मालक म्हणतात याला काय इतिहास आहे ते दाखवा, मग बघू. बांधला कुणी, कुठल्या साली, हेच सापडेना. दारावर गणेशपट्टी आहे खरं एक अक्षर कोरलेलं नाही. कुठून सुरुवात करू? हा गेला तर गावात जुनं म्हणून दाखवायला काही उरत नाही हो.

वखारवाले काका:
बाळा, साल राहू दे बाजूला, आधी आत जाऊन बघ. दरवाजातून आत गेल्यावर दोन्ही अंगाला देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांच्या बसायच्या जागा, आहेत का? असल्या तर पहारा होता, म्हणजे आज्जीची कचेरी खरी. भिंतीत धान्याचं बळद, म्हणजे पोकळ कोठी, आहे का, परसात पेव, म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार, आहे का, तर वसुलीचं धान्य तिथं पडायचं. मी तीस वर्षं वखारीत हिशेब लिहिलाय, असले तीन वाडे आतून बघितलेत. १९७४ ला कर्नाटकात कूळकायदा कडक झाला, कुळांनी सात नंबरचा फॉर्म भरला आणि कसणाऱ्याच्या नावावर जमीन झाली. चांगलंच झालं ते, माझ्या वडलांना त्यातच दोन एकर मिळाली. खरं वाड्याकडं येणारं धान्य थांबलं, आणि एवढं मोठं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, दर पावसाळ्याला दुरुस्त करायचं तर पैसा लागतो, मग सोपे व्यापाऱ्यांना भाड्यानं गेले आणि तंबाखूचे बोद, म्हणजे मोठे गठ्ठे, आले. १९८१ च्या आंदोलनात आम्ही तंबाखूच्या दरासाठी शेतकरी नेते शरद जोशींबरोबर हायवेवर बसलो होतो तेव्हा आमच्या गावचा अर्धा माल अशाच एका वाड्यात पडून होता. तुझा तंबाखूचा वास पण इतिहासच आहे, तो मालकांना सांग.

मोडीवाचक:
काकांचं बरोबर आहे, तरी कागद पण लागतोच. घरात किंवा देसायांच्या भाऊबंदांकडं जुनी दप्तरं असतील तर पहिल्यांदा ती वाचवा, मोडी कुणाला येत नाही म्हणून लोक बंबात घालतात, मी डोळ्यांनी बघितलंय. इनामं, म्हणजे सारामाफीच्या जमिनी, तपासायचं काम इंग्रजांनी १८४३ ला आपल्याच दक्षिण महाराष्ट्रात सुरू केलं, १८५२ ला त्याचा कायदा झाला, त्यात वतनदारांना आपला हक्क कसा आला ते लिहून द्यावं लागलं. त्यामुळं घराण्याचं नाव आणि गाव माहिती असेल तर पुण्याच्या पुरालेखागारात विचारा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो हे विसरू नका, फक्त बेंगळूरला शोधत बसलात तर निम्मं हाती लागणार नाही. आणि शाळेसाठी वाडा भाड्यानं दिला असेल तर लोकल बोर्ड शाळा चालवायचं त्या काळातलं जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांची नावं दाखल करायची वही, आजच्या शाळेत बघा.

शहापूरकर:
मालकांना बेळगावला घेऊन या एकदा. विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये आले तेव्हा रिसालदार गल्लीत भाटे वकिलांच्या घरी उतरले, मग किल्ल्यात हरिपद मित्र म्हणून फॉरेस्ट ऑफिसर होते त्यांच्याकडं. साधी राहती घरं होती ती, आज दोन्हीकडं स्मारक आहे, लोक लांबून येतात. आणि येताना कित्तूरला थांबा. १८२४ च्या इंग्रजांबरोबरच्या लढाईनंतर राणी चन्नम्मांचा राजवाडा ओस पडला तो पडलाच, आता जोती आणि उभ्या भिंती तेवढ्या बघायला मिळतात. तुमच्या वाड्यात कचेरी, शाळा, वखार असं कायतरी चालत राहिलं म्हणूनच तो उभा आहे असं मला वाटतं. तेव्हा गाळे नकोच असं म्हणून भांडू नका, दगड न पाडता आतच दुकान निघतंय का ते विचारा.

चुनाकाम:
एक हात जोडून सांगतो, पाडायचं टळलं तरी सिमेंटचा गिलावा करू देऊ नका. जुनी भिंत चुन्यात नाहीतर मातीत बांधलेली असते, तिच्यातली ओल बाहेर पडायला वाट लागते. सिमेंटनं ती वाट बंद झाली की ओल आत मुरते, तुळईची टोकं भिंतीत असतात ती कुजतात, आणि मग लोक म्हणतात जुनं बांधकाम कच्चं होतं. दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, चुन्यानंच भरून घ्या.

वेदगंगाकाठ:
सगळ्यांचे आभार. आज बाबांना घेऊन आत जाऊन आलो. देवड्या आहेत, एकीत आता सिमेंटची पोती ठेवलीत. डाव्या सोप्याच्या भिंतीवर काळा रंग दिलेला चौकोन आहे, मी लहानपणी बघितला होता खरं काय आहे ते कळलं नव्हतं. बाबा म्हणाले हा आमचा फळा. मालक पण आमच्या सोबत होते, त्यांचे वडील पण तिथंच शिकलेले निघाले, मालक बराच वेळ फळ्यासमोर उभे होते. शाळेचं रजिस्टर बघायला सोमवारी मी आणि मालक मिळून जातोय. काका, पेव कुठं असतं ते नीट सांगा की, परसात फरशी घातलीय.