चाचणी लाल झाली की संदर्भ फाइल बदलून मोकळं व्हायचं का?

कॅसेटवाली, फोंडा
गेल्या आठवड्यात आमच्या गटात यावरून खडाजंगी झाली, म्हणून इथे मांडते. जत्रेतल्या आणि स्पर्धेतल्या जुन्या मराठी नाटकांच्या व्हीएचएस आणि मिनीडीव्ही कॅसेटी आम्ही पाच जण डिजिटल करतो. त्यासाठी लिहिलेली स्क्रिप्ट मुक्त स्रोत आहे, आतलं खरं काम एफएफएमपेग हा मुक्त स्रोत व्हिडिओ-प्रोग्राम करतो. रोज रात्री एक जुना डेस्कटॉप त्रेचाळीस छोट्या क्लिप सगळ्या टप्प्यांतून नेतो आणि निघालेल्या प्रत्येक फ्रेमचा चेकसम (तिच्या बाइटांवरून काढलेला पडताळणीचा आकडा) आधीच्या बरोबर निकालाच्या, जपून ठेवलेल्या संदर्भ फाइलशी ताडून पाहतो. जुळलं तर हिरवं, नाही तर लाल.

मे महिन्यात आमच्या स्क्रिप्टमध्ये बदल केले आणि सहा क्लिप लाल झाल्या. एकाने संदर्भ फाइली नव्याने तयार करून चढवल्या. सगळं हिरवं. कमिटखाली, म्हणजे बदलाच्या नोंदीखाली, दोनच शब्द: 'रेफरन्स अपडेट'. पंधरा दिवसांनी काल्यातल्या गौळणींचा नाच पाहत होते. हात पुढे जाताना दर वेळी किंचित मागे येत होता, जणू कुणी मनगट धरून ओढतंय. फील्डचा, म्हणजे एकाआड एक ओळींनी बनलेल्या फ्रेमच्या दोन अर्ध्यांचा, क्रम उलटा झाला होता. मिनीडीव्हीत खालचं फील्ड आधी येतं, आणि ते आता वरचं आधी धरलं जात होतं. सहापैकी पाच बदल खरोखर निरुपद्रवी होते. सहावा हा. चाचणीने तो पकडला होता, आपणच पुसून टाकला. तोवर अकरा कॅसेटी त्याच क्रमाने उतरवून झाल्या होत्या, आणि त्यातल्या दोन बुरशीमुळे परत चालवायच्या लायकीच्या राहिल्या नाहीत.

माझं म्हणणं एवढंच: जुनी आणि नवी फ्रेम शेजारी ठेवून कुणी पाहिल्याशिवाय, आवाज असेल तर ऐकल्याशिवाय, आणि कारण लिहिल्याशिवाय संदर्भ फाइल बदलायची नाही.

पर्वरीचा प्रोग्रामर
ताई, कॅसेटींचं वाईट वाटलं. पण उपाय पटत नाही. दोष प्रत्येक बिट जुळलाच पाहिजे या हट्टात आहे. कंपायलर बदलला, प्रोसेसर बदलला, एन्कोडरची, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवणाऱ्या प्रोग्रामची, नवी आवृत्ती आली की लाल दिवा लागणारच. सहा वेळा खोटी हाक आली की सातव्या वेळी कुणी दार उघडत नाही. तुमच्या त्या सहकाऱ्याने तेच केलं, आणि मी असतो तर मीही तेच केलं असतं. पाच जण, पोटापाण्याचे उद्योग सांभाळून हे करताय. दर लाल दिव्यामागे एकाला तासभर बसवणार कुठून? पीएसएनआर म्हणजे दोन चित्रं किती जुळतात त्याचा आकडा; त्याची एक मर्यादा ठरवा, तिच्या खाली गेलं तरच ओरडा.

फर्मागुडीचा विद्यार्थी
एफएफएमपेगच्या स्वतःच्या चाचणीसंचात, म्हणजे फेटमध्ये, हे दोन्ही प्रकार आहेत. एच.२६४ या व्हिडिओ फॉरमॅटचं डीकोडिंग, म्हणजे दाबलेली फाइल उलगडणं, मानकातच पूर्णांकांत बांधून दिलंय, त्यामुळे बिनचूक डीकोडरचं उत्तर बिटागणिक एकच येतं. तिथे मर्यादा कशाला? एक बिट हलला तरी चूकच. एमपेग-२ या फॉरमॅटच्या आयडीसीटीत, म्हणजे चित्र उलगडण्याच्या एका गणिती पायरीत, मानकच थोड्या फरकाला मोकळीक देतं, म्हणून तिथे चाचणीत कुठली आयडीसीटी वापरायची ते बांधून टाकतात. आणि एमपी३, एएसीसारख्या दशांश गणितावर चालणाऱ्या आवाजाच्या डीकोडरना ठरावीक फरक माफ असतो. म्हणजे 'सगळीकडे बिट' किंवा 'सगळीकडे मर्यादा' असा प्रश्नच नाही. फॉरमॅट बघून ठरवायचं.

पर्वरीचा प्रोग्रामर
मान्य. पण त्या प्रकल्पाला जगभरातले लोक आपापल्या मशिनांवरून निकाल पाठवतात. आपल्याकडे एक डेस्कटॉप, आणि जूनमध्ये तोही दिवसाआड वीज गेली म्हणून बंद.

कॅसेटवाली, फोंडा
मर्यादेबद्दल सांगते, कारण हे मी करून पाहिलंय. नाचाची तीच क्लिप, दहा सेकंद, अडीचशे फ्रेम. मागे काळा पडदा, हलतात फक्त चार बायकांचे हात. बाकीचं चित्र जसंच्या तसं, त्यामुळे पीएसएनआरचा सरासरी आकडा इतका चांगला आला की आपण ठरवली असती ती कुठलीही मर्यादा तो आरामात ओलांडता. आकड्याला काळा पडदा दिसतो. मला हात दिसतात.

म्हापशाचा साउंडवाला
चाळीस वर्षं नाटकांना माइक लावले, म्हणून बोलतो. तुम्ही सगळे चित्राचं बोलताय. एका नाटकात पेटी गायकाच्या तोंडापेक्षा एक फ्रेम पुढे पळत होती. पंचविसाच्या हिशोबात चाळीस मिलिसेकंद. आवाजाचा चेकसम जुळत होता ना? जुळणारच, आवाज तोच होता! मशीन हिरवं म्हणालं आणि पद बिघडलं. मी तर म्हणतो, मशीन बंद करा, रविवारी एकत्र बसून ऐका. कानाला फसवता येत नाही.

कॅसेटवाली, फोंडा
काका, तुमचं पद बिघडलं कारण आम्ही तेव्हा फक्त आवाजाचा चेकसम ताडत होतो, वेळ नाही. आता संदर्भ फाइलीतली एक ओळ अशी असते: प्रवाह ०, डीकोडची वेळ ३, दाखवायची वेळ ३, कालावधी १, आकार ६२२०८०, मग चेकसम. (७२० गुणिले ५७६, त्याच्या दीडपट, म्हणजे आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीची एक फ्रेम बाइटमध्ये.) तिसरा आकडा एकाने सरकला तरी ओळ जुळत नाही. त्रेचाळिसातली अडतिसावी क्लिप तुमच्या पेटीचीच आहे. कान हवेतच. पण तुमचे कान दर रात्री त्रेचाळीस क्लिप ऐकायला येणार नाहीत, आणि येऊही नयेत. मशीन सांगतं कुठे ऐकायचं.

मांडवीकाठ
मला वेगळीच भीती आहे. क्लिपा येतात कुठून? मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या प्रोग्रामच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचा दरवाजा, म्हणजे चोरून आत शिरायची सोय, सापडला. तो लपवला होता चाचणीच्याच बायनरी फाइलींत, कारण त्या उघडून वाचत कुणी नाही. सापडला तोही एका अभियंत्याला एसएसएच लॉगिन (दूरच्या मशीनवर शिरणं) अर्धा सेकंद उशिरा होतंय असं जाणवलं म्हणून. बिघडलेल्या व्हिडिओचा नमुना म्हणून कुणीही काहीही पाठवेल आणि तुम्ही ठेवून घ्याल. चाचण्या जितक्या वाढवाल तितकं न वाचलेलं सामान घरात.

फर्मागुडीचा विद्यार्थी
रास्त. पण तिथे बिल्डच्या, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बांधणाऱ्या, स्क्रिप्टने त्या फाइलींतून कोड बाहेर काढून जोडला होता. बिल्डने नमुन्यांच्या फोल्डरला हातच लावायचा नाही, ते वेगळ्या भांडारात ठेवायचे. फेटचे नमुनेही मुख्य कोडबरोबर येत नाहीत, वेगळे उतरवून घ्यावे लागतात.

मांडवीकाठ
मग कॅसेट कुणाची, क्लिप कुणी कापली हेही शेजारी लिहून ठेवा. त्याशिवाय माझा विरोध कायम.

कॅसेटवाली, फोंडा
लिहीन. हे आधीच करायला हवं होतं.

डिचोलीची वाचक
मी तंत्रज्ञ नाही, पण एक आठवलं. आपल्या केरीच्या केसरबाई केरकरांचं गाणं १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाच्या तबकडीवरून अवकाशात गेलं. त्या तबकडीवर चित्रंही आहेत, ध्वनीच्या रूपात साठवलेली. आवरणावर उलगडायची रीत कोरली आहे आणि सोबत एक वर्तुळ. पहिलं चित्र बरोबर उलगडलं तर हे वर्तुळ दिसेल, म्हणून. तुम्ही म्हणता ती संदर्भ फाइल हीच ना? मग ज्याला वर्तुळाऐवजी लंबगोल दिसेल, त्याने आवरणावरचं वर्तुळ खोडून लंबगोल काढायचा का?

पर्वरीचा प्रोग्रामर
हे मनाला लागलं. तरी माझा मुद्दा सोडत नाही: माणसाचा वेळ. तडजोड सुचवतो. साठवणीची प्रत एफएफव्ही१ या फॉरमॅटमध्ये करता, ते लॉसलेस आहे, म्हणजे दाबताना काहीच गमावत नाही, आणि २०२१ पासून त्याचं आरएफसीही (जाहीर तपशीलपत्र) आहे. त्या वाटेवर एक बिटही माफ नको, फ्रेम आत गेली तशीच बाहेर आली पाहिजे. पण लोकांना पाहायला देतो त्या एच.२६४ प्रतीच्या एन्कोडिंगवर चेकसम लावणं बंद करा. एन्कोडर सुधारला की ते बाइट बदलणारच. माझ्या हिशोबाने त्रेचाळिसातल्या निदान पंधरा क्लिप त्याच असतील.

कॅसेटवाली, फोंडा
सतरा आहेत. त्या आज रात्री काढते, तिथे फ्रेमची संख्या आणि वेळा तेवढ्या ताडू. उरलेल्या सव्वीस माझ्या. त्यांतली एकही संदर्भ फाइल दोघांनी पाहिल्याशिवाय आणि कारण लिहिल्याशिवाय बदलणार नाही.

म्हापशाचा साउंडवाला
दोघांतला एक मी. रविवारी येतो. पण हेडफोन माझे आणीन, तुमच्याकडच्या स्पीकरवर तंबोरा नीट ऐकूच येत नाही.