मदत हवी आहे: भाचीला सिकलसेल, उपचार झाले संधिवाताच्या तापाचे

नमस्कार. मी नागपूरचा, मानेवाड्याकडे राहतो. प्रश्न भाचीच्या सिकलसेलचा आहे, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकून लवकर फुटण्याच्या आनुवंशिक रक्तविकाराचा. वय 16, अकरावीत शिकते. आमचं मूळ घर चंद्रपूरकडे, भावजी भंडाऱ्याचे.

चौदाव्या वर्षी तिचे गुडघे आणि घोटे दुखायला लागले. एका खाजगी दवाखान्यात भरती केलं. रक्तात एएसओ नावाचा घटक वाढलेला आला आणि फाइलवर ‘संधिवाताचा ताप’ (घशाच्या जंतुसंसर्गानंतर सांध्यांना आणि हृदयाला होणारा आजार) असं लिहिलं गेलं. तेव्हापासून दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. ते किती दुखतं, ज्यांनी घेतलंय त्यांनाच माहीत. ताई कालनिर्णयवर तारखेला लाल गोल करून ठेवायची. दोन वर्षांत एकही गोल चुकला नाही.

हिमोग्लोबिन 8 च्या वर जाईना म्हणून सोबत लोहाच्या गोळ्या. डोळे पिवळसर दिसले की कावीळ समजून पथ्य. दुखणं उठायचं ते डिसेंबरच्या थंडीत, नाहीतर मे महिन्यात उन्हातून आली की. “मामा, हाडं फुटून राहिले,” म्हणायची आणि मांडीवर गरम पाण्याची पिशवी धरून रात्रभर पलंगाच्या कडेला बसून राहायची. पेपर जवळ आले की बरं दुखतं तुझं, असं मी तिला एकदा बोललो होतो. ती ते विसरलेली नाही, मीही नाही.

मागच्या महिन्यात ताप आला, छातीत दुखायला लागलं, म्हणून रात्री सरकारी रुग्णालयात नेलं. तिथल्या निवासी डॉक्टरने फाइल बाजूला ठेवली, तिची खालची पापणी ओढून पाहिली, गावं विचारली आणि म्हणाला, “सिकलिंग कधी केली?” म्हणजे सिकलसेलची तपासणी. कधीच नाही. सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह, मग एचपीएलसी या पक्क्या तपासणीत एसएस पॅटर्न, म्हणजे आई-वडील दोघांकडून आलेला आजार. ताई-भावजी दोघेही वाहक. धाकट्या भाच्याचीही तपासणी केली, तो एएस, म्हणजे फक्त वाहक निघाला.

म्हणजे लोह कमी नव्हतंच. तांबड्या पेशी 120 दिवस टिकायला हव्यात, तिच्या 10-20 दिवसांतच फुटत होत्या. सिकलसेल विदर्भातल्या डॉक्टरला नवा नाही, तरी चार जणांकडे दाखवूनही ही साधी तपासणी कुणी सांगितली नाही. मला कारण एकच दिसतं. पहिल्या कागदावर जे लिहिलं होतं तेच पुढच्या प्रत्येकाने उतरवून घेतलं. एको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल होता, इंजेक्शनं चालू असून दुखणं थांबत नव्हतं, पण कुणी मागे वळून पाहिलं नाही. एएसओ वाढला म्हणजे घशाला जंतुसंसर्ग होऊन गेला एवढाच त्याचा अर्थ, हे आम्हाला आता कळलं.

आता सिकलसेलचा त्रास कमी करणारी हायड्रॉक्सियुरियाची गोळी आणि फोलिक अॅसिड सुरू झालंय. पण एमआरआयमध्ये डाव्या खुब्याचं हाड रक्त न पोचल्यामुळे खराब होत असल्याचं दिसलं. एक अस्थिरोगतज्ज्ञ म्हणतात, हाडाला छिद्र पाडून दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया लगेच करा. दुसरे म्हणतात, आधी गोळी लागू पडू द्या. सिकलसेल असताना हे ऑपरेशन कुणी करून घेतलंय का? किती दिवस थांबलात? आणि पहिला दवाखाना भरतीचे कागद देत नाही, रोज उद्या या म्हणतो. तक्रारीचं मी अजून ठरवलेलं नाही, पण कागद हवेतच.

प्रतिसाद
दादा, माझा मुलगा एसएस आहे. कागदांसाठी तोंडी बोलू नका, ताईंच्या सहीचा लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार 72 तासांत द्यावे लागतात. भरतीची नोंद 3 वर्षंच ठेवणं बंधनकारक आहे, म्हणून उशीर नको. ग्राहक आयोगातही मुदत 2 वर्षांचीच आहे. ऑपरेशन कधीही ठरलं तरी भूलतज्ज्ञाला सिकलसेल आधी सांगा, आणि रक्तविकारतज्ज्ञाशी बोलल्याशिवाय तारीख घेऊ नका. अपंगत्वाच्या 2016 च्या कायद्यात सिकलसेल आहे, प्रमाणपत्रासाठी अर्ज करून ठेवा.

धागाकर्ता
खूप आभार. अर्ज आज देऊन आलो, पोच मिळाली. एक विचारायचं राहिलं. पुढचा लाल गोल 14 तारखेला आहे. ते इंजेक्शन बंद करायचं की नाही, हे अजून कुणीच लिहून दिलेलं नाही. हे हृदयरोगतज्ज्ञाला विचारायचं की रक्तविकारतज्ज्ञाला? पोरगी रोज विचारते.