पुन्हा: पुन्हा: पिकनिक, १६ जून (विषय आता रॅप्टर्सचा)

सोमवार, ३ जून २०१९, सकाळी ६:५०. आबा, मिसिसागा

मंडळी,

पिकनिकला आमची पाच माणसं धरा. कोशिंबीर आमच्याकडून.

आता कालचं, म्हणजे एनबीएच्या (अमेरिकेतली मोठी बास्केटबॉल लीग) अंतिम फेरीतला दुसरा सामना, आपले टोरांटो रॅप्टर्स आणि ओकलंडचे वॉरियर्स; सातांतले चार जिंकेल त्याचा चषक. १०४-१०९, तेही घरच्या कोर्टावर! मध्यंतराला आपण पाच गुणांनी पुढे होतो. मी चहा टाकायला उठलो आणि कप घेऊन येतो तर वॉरियर्सनी ओळीनं १८ गुण घेतलेले, आपला भोपळा. उत्तरार्धात त्यांनी बावीस वेळा बॉल जाळीत घातला आणि बावीसच्या बावीस वेळा कुणीतरी पास दिला म्हणून. एकानंही एकट्यानं काही केलं नाही. असल्या संघाला कुठून धरायचं तेच कळत नाही.

तरी मी १९९५ पासून बघतोय. तेव्हा स्कायडोममध्ये (आपलं तेव्हाचं घरचं मैदान) इतक्या वर बसायचो की खेळाडूंपेक्षा कबुतरं जवळ वाटायची. मार्च ९६ मध्ये मायकल जॉर्डनच्या शिकागो बुल्सना आपण एका गुणानं हरवलं होतं. त्या वर्षी ते अख्ख्या मोसमात दहाच सामने हरले, त्यातला एक आपल्याकडे. तेव्हा १-१ झालं म्हणून मी काही देव पाण्यात ठेवणार नाही.

आबा

सोमवार, ३ जून, सकाळी १०:१५. आबांचा जावई, फ्रीमाँट (पूर्वी टोरांटो)

आबा, नमस्कार.

मंडळ सोडलं तरी मेलची लिस्ट सोडली नाही, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे. आमचा हुकमी खेळाडू ड्युरांट ८ मेपासून पोटरी धरून बसलाय. काल क्ले थॉम्सनची मांडी धरली, लूनीच्या छातीला लागलं. अर्धा संघ दवाखान्यात आणि तरी जिंकलो, तेही तुमच्या अंगणात. आता दोन सामने ओकलंडला. सहाव्याच्या पुढे जात नाही हे.

सोमवार, ३ जून, दुपारी १२:४०. ताई, ब्रॅम्टन (मूळची नागपूरची)

अहो, शेवटची पाच मिनिटं कुणी पाहिली की नाही? तुमच्या वॉरियर्सना त्यात एक गुण मिळत नव्हता. सहा सेकंद उरले तेव्हा इग्वाडालाचा थ्री (लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट) पडला, तो सुटलेला जीव.

आपले कोच निक नर्स, त्यांनी तेव्हा काय लावलं होतं माहीत आहे? बॉक्स अँड वन. चार जण चौकोन करून जागा राखतात आणि पाचवा एकाच माणसाच्या मागे सावलीसारखा. तो पाचवा आपला व्हॅनव्लीट, आणि माणूस अर्थात वॉरियर्सचा करी. एनबीएत हे कुणी लावत नाही, कारण तिथे पाचही जण शूट करू शकतात. एकाला कोंडलं तर दुसरा मारतो. हे शाळेतलं हत्यार. मी नागपूरला शाळेकडून खेळायची तेव्हा समोरच्या शाळेत एखादीच पोरगी खरी खेळणारी असायची, मग सर मला तिच्या मागे सोडायचे. ती पाणी प्यायला गेली तरी मी मागे. एकदा रडली बिचारी.

काल ते चाललं कारण क्ले आत गेला होता. करी सोडला तर लांबून मारणारा भरवशाचा माणूस उरला नव्हता. क्ले परत आला की चौकोन मोडला. म्हणून जावईबुवा, माझा सगळा हिशेब त्या मांडीवर आहे, ड्युरांटवर नाही.

दुसरं, पहिल्या सामन्यात आपल्या सियाकमनं १७ शॉटपैकी १४ टाकून ३२ गुण केले, ते त्यांचा ड्रेमंड ग्रीन समोर असताना. ते रोज होणार नाही. पण ग्रीनला त्याच्यामागे पळावं लागलं की बाकीच्यांची राखण करायला तो मोकळा राहत नाही, हा फायदा रोजचा आहे.

सोमवार, ३ जून, दुपारी १:०५. सचिव

सर्वांना विनंती: हा धागा पिकनिकचा आहे. आतापर्यंत ४१ मेल आले, त्यातून मला कोशिंबीर आणि पाच माणसं एवढंच हाती लागलं. कृपया विषय बदलावा.

(१६ तारखेला पहाटे साडेपाचला भारत-पाकिस्तान आहे आणि गरज पडली तर रात्री आठला सातवा सामनाही. तारीख ठरवताना हे कुणीच कसं सांगितलं नाही?)

गुरुवार, ६ जून, रात्री १२:२०. आबा

१२३-१०९. विषय बदलला नाही, क्षमस्व.

सकाळी साडेपाचला उठून रोहितचं शतक बघितलं, दिवसभर डुलक्या काढल्या आणि रात्री हे. सुरुवातीच्या पाचही जणांनी सतरा किंवा जास्त गुण केले. आपल्या डॅनी ग्रीनचे सहा थ्री!

करीनं एकट्यानं ४७ केले त्याचं मात्र कौतुक करतो. तसा तो आपल्याच आळीतला. त्याचे वडील डेल करी १९९९ ते २००२ आपल्याकडे खेळले, पोरगा इथल्याच शाळेत जायचा. आमच्या हिला अजून वाटतं की समालोचक कढीबद्दल बोलतायत.

गुरुवार, ६ जून, सकाळी ११:३०. जावई, फ्रीमाँट

आबा, अभिनंदन म्हणतो, पण अर्धंच. ड्युरांट नाही, क्ले नाही, लूनी नाही. करीला पाच जणांनी घेरलं आणि त्यानं ४७ केले. असा सामना जिंकलात म्हणून फटाके लावायचे असतील तर लावा. रेकॉर्डमध्ये जीत लागेल, मनात लागणार नाही.

गुरुवार, ६ जून, दुपारी १२:१०. ताई, ब्रॅम्टन

मनात काहून लागणार नाही? २०१५ च्या अंतिम फेरीत क्लीव्हलंडचे आयर्व्हिंग आणि लव्ह दोघंही जायबंदी होते तेव्हा तुम्ही तो चषक परत केला होता का?

गुरुवार, ६ जून, दुपारी १२:१४. जावई, फ्रीमाँट

ताई, हा वार कमरेखालचा आहे.

शनिवार, ८ जून, सकाळी ९:००. ताई, ब्रॅम्टन

आता बोला. काल क्ले आला, २८ केले. लूनीही आला. तरी १०५-९२, आणि तेही ओकलंडला. माझा हिशेब चुकला हे मीच आधी सांगते: चौकोनाची गरजच पडली नाही. मध्यंतराला चार गुणांनी मागे होतो आणि तिसरा क्वार्टर ३७-२१ काढला. आपल्या लेनर्डनं सुरुवातीलाच दोन थ्री मारले आणि चेहऱ्यावर काही नाही. वाण्याच्या दुकानात उभा असल्यासारखा. ३६ गुण केले त्यानं.

व्हॅनव्लीटचा दात गेला, डोळ्याखाली टाके पडले. नवे खेळाडू निवडायच्या ड्राफ्टमध्ये ज्याला एकाही संघानं घेतलं नव्हतं तो सहा फुटी मुलगा गेले आठ दिवस करीच्या मागे धावतोय. मला त्याच्यात मी दिसते. (दात सोडून.)

शनिवार, ८ जून, सकाळी ९:२५. जावई, फ्रीमाँट

३-१. मान्य. पण ३-१ बद्दल आम्हाला सांगू नका, आमची त्यात पीएचडी आहे. २०१६ मध्ये ओक्लाहोमाविरुद्ध १-३ वरून वर आलो आणि पुढच्याच फेरीत क्लीव्हलंडकडून ३-१ वरून खाली गेलो. ड्युरांट सोमवारी खेळेल अशी हवा आहे. तो आला की बघू.

आबा, पैज लावू या का? केशर आंब्यांची एक पेटी.

शनिवार, ८ जून, सकाळी ९:४०. आबा

लागली. फक्त '३-१' हा शब्द या लिस्टवर पुन्हा उच्चारू नये. दृष्ट लागते.

शनिवार, ८ जून, दुपारी ४:००. आबांचा नातू, बारावी

मी सोमवारी मिसिसागाच्या सेलिब्रेशन स्क्वेअरला जाणार आहे, मोठी स्क्रीन आहे. कोणाला यायचा असेल तर सांगा. आबा, नव भाटियांचा सीट तिथून दिसत नाही, तो डाउनटाउनला अरीनाच्या आत असतात.

शनिवार, ८ जून, दुपारी ४:०६. आबा

बाळा, 'ती सीट' आणि 'ते असतात'. भाटिया १९९५ पासून घरचा एकही सामना चुकले नाहीत. त्यांच्याबद्दल 'तो' म्हणायचं नाही. मी येतो तुझ्याबरोबर. घडीची खुर्ची घे.

मंगळवार, ११ जून, सकाळी ७:३०. आबा

रात्रभर नीट झोप नाही. १०५-१०६ हे एक कारण आणि ते मोठं कारण नाही.

ड्युरांट आला, बारा मिनिटांत ११ गुण केले, तीन थ्री मारले आणि तिन्ही आत. मग एका ड्रिबलला पाय धरून खाली बसला. तेव्हा आमच्या चौकात टाळ्या वाजल्या. अरीनातही वाजल्या, आपल्याच लाउरी आणि इबाकानं हात हलवून लोकांना गप्प केलं हे नंतर स्क्रीनवर दिसलं. माझ्या शेजारी नातू होता. तो म्हणाला, "आबा, हे लोक का हसतात?" मला उत्तर सुचलं नाही. आपण चौकात होतो, म्हणजे आपणही त्यांच्यातलेच.

जावईबापू, वाईट वाटलं. पैज रद्द करायची असेल तर करू.

मंगळवार, ११ जून, सकाळी ८:५०. वहिनी, ओकव्हिल (फिजिओथेरपी)

लिस्टवर मी फक्त वाचते, पण आज लिहिते. पोटरीचे दोन मुख्य स्नायू खाली एकत्र येतात आणि त्यांचीच कंडरा (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) होऊन टाचेला जाते, तीच अकिलीस. पोटरी पुरती भरून आली नसेल तर उडी मारताना, वळताना ओढ कुठेतरी जाणारच. टीव्हीवर बघून निदान करू नये हे मला कळतं, आणि त्यांच्याकडे माझ्यापेक्षा शहाणी माणसं आहेत. पण पाऊल टाकल्यावर पाठीमागून कुणी लाथ मारली असं वाटून माणूस मागे वळून बघतो, ही अकिलीसची जुनी खूण. त्यानं तेच केलं.

परवाच ओव्हलवर धवन बॉल अंगठ्यावर घेऊन ११७ करून गेला आणि आपण सगळ्यांनी वा वा केली. आज बातमी आहे की हाड चिरलंय. दुखणं अंगावर काढून खेळणाऱ्याचं आपण कौतुक करतो तेव्हा पुढच्याला "नाही खेळत" म्हणणं अवघड करून ठेवतो, असं मला वाटतं.

मंगळवार, ११ जून, सकाळी ९:३०. ताई, ब्रॅम्टन

वहिनी, पटलं.

आता माझा राग काढू द्या. तीन मिनिटं उरलेली, सहानं पुढे, लेनर्ड पेटलेला आणि नर्स टाइमआउट घेतो. काहून? समोरचे धापा टाकत होते, त्यांना बसायला खुर्ची दिली. मग क्ले, करी, परत क्ले. तीन थ्री आणि खेळ उलटा. वॉरियर्सचे अख्ख्या सामन्यात वीस थ्री, आपले आठ. शेवटचा लाउरीचा शॉट ड्रेमंड ग्रीनच्या बोटाला लागून गेला नसता तर आज सचिव सुखात असते.

मंगळवार, ११ जून, सकाळी ९:५५. जावई, फ्रीमाँट

पैज रद्द नको, आबा. ड्युरांट गेला पण क्ले आहे.

ताई, नर्सची बाजू मी घेतो, नवल आहे. तीन मिनिटांच्या आत गेलं की हातचे जादा टाइमआउट बाद होतात. ते वापरून आपल्या माणसांना दम घेऊ द्यावा असा त्याचा हिशेब होता. हिशेब बरोबर, वेळ चुकली.

गुरुवार, १३ जून, दुपारी २:००. ताई, ब्रॅम्टन

नॉटिंगहॅमला पाऊस. भारत-न्यूझीलंड एकही चेंडू न टाकता रद्द. म्हणजे आज एकच सामना.

माझा अंदाज: लाउरी. सगळे लेनर्डकडे बघणार, दोन-दोन माणसं त्याच्यावर जाणार. अशा वेळी जो मोकळा सुटतो त्यानं मारायचं असतं. लाउरी २०१२ पासून इथे आहे आणि दरवर्षी मे महिन्यात शिव्या खातो. आज त्याला पहिल्या दोन मिनिटांत सूर सापडला तर आपण जिंकलो. नाही सापडला तर रविवारी पिकनिकला मी येत नाही.

गुरुवार, १३ जून, दुपारी २:०८. सचिव

ताई, पुऱ्या तुमच्याकडे आहेत. साठ माणसांच्या.

शुक्रवार, १४ जून, रात्री १२:५५. आबा

११४-११०.

आमच्या रस्त्यावर अजून हॉर्न चालू आहेत. ताई, तुमच्या तोंडात साखर: पहिले आठही गुण लाउरीचे, शेवटी एकूण २६. सियाकमचेही २६. आणि तुमच्या त्या बिनदाताच्या पोरानं २२, त्यात पाच थ्री.

शेवटी एका गुणाचा फरक होता. करीच्या हातून बॉल सुटला तेव्हा मी डोळे मिटले. त्याचा तो शॉट हजारदा बघितलाय, आवाजावरून कळतं. नाही पडला. मग बॉलसाठी झटापट, ड्रेमंड ग्रीननं टाइमआउट मागितला आणि तो शिल्लकच नव्हता. ०.९ सेकंद इतका वेळ चालू शकतात हे मला माहीत नव्हतं. लेनर्डनं तीन फ्री थ्रो (दंडाचे मोकळे शॉट) टाकले. तेव्हाही तो वाण्याकडेच उभा.

हिनं विचारलं, कढी हरली का?

शुक्रवार, १४ जून, रात्री १:२०. जावई, फ्रीमाँट

आबा, मनापासून अभिनंदन. या वेळी अख्खं.

क्लेचे ३० झाले होते आणि तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी तो गुडघा धरून पडला. आतल्या खोलीकडे निघाला, मग कळलं की फ्री थ्रो स्वतः टाकले नाहीत तर परत खेळता येणार नाही. लंगडत आला, दोन्ही टाकले आणि धावत डिफेन्सला निघाला. नंतर समजलं की गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. वहिनींनी मंगळवारी लिहिलेलं आठवत होतं, तरी मी उभा राहून टाळ्या वाजवत होतो. ओकलंडच्या ओरॅकल अरीनातला तो शेवटचा सामना. पुढच्या वर्षीपासून वॉरियर्स सॅन फ्रान्सिस्कोला.

तो खेळत राहिला असता तर काय झालं असतं हे मी या लिस्टवर लिहिणार नाही. घरी लिहिलं तर तुमची लेक वाचू देत नाही.

पेटी इथून पाठवली तर सीमेवर अडवतील. तुम्हीच तिथल्या दुकानातून आणा, पैसे मी पाठवतो.

शनिवार, १५ जून, संध्याकाळी ५:३०. आबा

पैसे नकोत. पेटी आणली. वरची ओळ सोन्यासारखी आहे, खालच्या ओळीत दोन डागी निघाले. बाकीचे उद्या पिकनिकला आणतो, सचिवांनी सुरी आणि पाट आणावा.