मदत हवी आहे: कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या, नेटही जातं

पारोळेकर: नवा पीसी. कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. नेटही मधेच जातं. दुकानदार म्हणतो पीसी ओके. उद्या फॉर्म भरायचाय, लवकर सांगा.

तापीकाठ: अर्थिंग आहे का? नेट जातं तेव्हा राउटरचे सगळे दिवे विझतात, की नुसता एलओएस (फायबरचा सिग्नल गेल्याचा दिवा) लाल होतो?

पारोळेकर: तीन पिनी बोर्ड आहे हो. दिवे सगळे विझतात.

भरीतपार्टी: स्टॅबिलायझर घ्या. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतंच.

तापीकाठ: भो, स्टॅबिलायझरनं झिणझिण्या जात नाहीत. एसएमपीएसच्या (पीसीतल्या पॉवर सप्लायच्या) फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर निम्मं, ११५ व्होल्टच्या आसपास येतं. तीन भोकं दिसली म्हणजे वरच्या भोकाला वायर आहेच असं नाही.

जुगाडू: सॉकेटमध्येच न्यूट्रल-अर्थिंग जोडायला वायरचा तुकडा मारा. पाच मिनिटांचं काम.

वायरमन_चोपडा: अजिबात नाही! खांबावर न्यूट्रल तुटला की त्याच तुकड्यातून अख्खा फेज कॅबिनेटवर. तिथे झिणझिण्या नाही, माणूस जातो.

वायफायवाला: डब्ल्यूपीएस बंद करा, ॲडमिनचा पासवर्ड बदला, ५ गिगाहर्ट्झ वापरा.

पारोळेकर: वायफायचं कोण विचारतंय? पीसी नि राउटर एकाच दोन पिनी मल्टिप्लगमध्ये आहेत, त्याने होतं का?

तापीकाठ: हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना! अर्थिंग तिथेच तुटली. राउटरचा ॲडॉप्टरही त्यातच हलत असणार. दोन्ही वेगवेगळ्या सॉकेटमध्ये थेट लावा.

पारोळेकर: लावले. राउटर टिकतोय. झिणझिण्या तेवढ्याच.

वायरमन_चोपडा: मग सॉकेटलाच अर्थिंग नाही. तोवर पीसीचा प्लग काढून ठेवा, फॉर्म मोबाइलवर भरा. वायरमनला मोजायला सांगा: फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थिंगही तेवढंच, न्यूट्रल-अर्थिंग दोन-तीन व्होल्टच्या आत. नुसत्या मीटरवर भागत नाही, कच्च्या अर्थिंगवरही ते २३० दाखवतं. बाकी प्लग काढून फेज-अर्थिंगवर १०० वॉटचा बल्ब लावायचा, तो पूर्ण पेटला पाहिजे. आरसीसीबी (वीज गळली की सप्लाय तोडणारा स्विच) असेल तर ती ट्रिप होईल, घाबरू नका. नसेल तर ३० मिलीॲम्पिअरची बसवून घ्या.

भरीतपार्टी: आणि स्पाइक गार्ड?

वायरमन_चोपडा: अर्थिंगशिवाय तो निम्माच कामाचा. आधी भिंतीपासून दीड मीटर लांब, ४० मिमी व्यासाचा अडीच मीटर लांब जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप गाडा, भोवती कोळसा-मीठ. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळून पाइप सोडते, म्हणून वर फनेल ठेवा आणि मार्च ते जून अधूनमधून पाणी ओतत राहा.